तिघींनी पोसलेला बोका

आई,

पाया पडते. आधी ऐक, मग रागव. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आता बरी आहे, टाके तेवढे ओढतात.

खरा धक्का घरी आल्यावर बसला. बोक्याचा पार भोपळा झालेला आणि तू दिलेली कोरफड पाण्याने कुजलेली.

अगं, दुखण्याच्या भरात मी शेजारीण, शिंपीणबाई आणि ऑफिसातली मैत्रीण, तिघींनाही किल्ली दिली होती. वर प्रत्येकीला बजावलं, "कुणाला सांगू नका." तिघींनी शब्द पाळला! रोज बोक्याला तिघींकडून पोटभर जेवण, कोरफडीला तिघींकडून पाणी.

बाबांचा गुडघा कसा आहे? माझ्यासारखं लपवू नकोस.

कोरफडीचं नवं पिल्लू पाठव. "इथे माझं कोण आहे" असं तुला दर वेळी म्हणायची मात्र आता सोय राहिली नाही.

तुझी,
धाकटी