हलक्या कामाची खुर्ची

५ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. आईचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. चिमीला चष्मा लागला म्हणून तू एवढी हळहळू नकोस. मलाही साधारण तिच्याच वयात लागला होता, त्याने माझं काही बिघडलं नाही. मी ठीक आहे. क्वार्टरच्या नळाला अजून पिवळट पाणी येतं, ते उकळून पिते. तिमाही संपत आली की आमच्या ऑफिसात कुणी कुणाशी धड बोलत नाही, सध्या ते दिवस चालू आहेत.

आता भाऊजी घरी का येत नाहीत, या तुझ्या प्रश्नाकडे येते. फोनवर सांगणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि तू रडायला लागलीस की मी गप्प होते. म्हणून लिहिते.

दुसऱ्या बाईची शंका मनातून काढून टाक. भाऊजींसमोर सध्या दिवसभर एकच बाई असते, आणि ती मी आहे. ते माझ्या खोलीत, माझ्या टेबलापलीकडच्या खुर्चीवर बसतात.

त्यांच्या डोक्याला लागलं होतं. थोडंसंच. खाणीत सुरुंग उडवल्यानंतर टोळी आत शिरण्याआधी मुकादमाने पुढे जाऊन पहारीने छत ठोकून बघायचं असतं, हे त्यांनी तुला घरात शंभरदा करून दाखवलं असेल. खडक घट्ट असला की खणखणीत वाजतो, आतून सुटलेला असला की बद्द वाजतो. प्लॅटिनमचा थर पातळ, म्हणून खोदलेली जागाही बुटकी. तिथे उभं राहता येत नाही, रांगत रांगत ठोकावं लागतं. तसं ठोकताना एक चपटा दगड सुटला आणि त्यांच्या हेल्मेटवर आला. हेल्मेटने आपलं काम केलं.

मग घरी का नाही पाठवलं, असं तू विचारशील. त्याचं कारण मला नीट सांगता येईल असं वाटलं होतं. लिहायला बसल्यावर ते तितकं नीट राहिलेलं नाही, तरी सांगते. दर तिमाहीला कंपनी उत्पादन आणि सुरक्षितता यांचा अहवाल काढते. सुरक्षिततेचा भाग मी लिहिते. त्यात दुखापती दोन प्रकारच्या. लागल्यानंतर माणूस पुढच्या शिफ्टला कामावर आला नाही, तर ती ‘काम बुडालेली’ दुखापत. आला, तर किरकोळ. पहिल्या प्रकारची एक जरी झाली तरी फाटकाजवळच्या बोर्डावरचे सुरक्षित दिवस शून्यावर येतात. किरकोळ कितीही चालतात. आणि ‘कामावर आला’ म्हणजे काय काम केलं, हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून माणसाला माझ्यासमोर आणून बसवतात. त्या खुर्चीला ऑफिसात सगळे ‘हलक्या कामाची खुर्ची’ म्हणतात. मी नोकरीला लागले तेव्हा ती तिथे होतीच.

भाऊजी जुनी सुरक्षा-पोस्टरं गुंडाळून त्यांना रबर लावतात. रोज आल्या आल्या म्हणतात, “काय साहेबीण, आज कुणाच्या नावाने बोटं मोडायची?” काल चहा घेताना हेच एकदा म्हणाले आणि कप खाली ठेवायच्या आत पुन्हा म्हणाले, त्याच सुरात. मी हसले. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे.

डॉक्टरांनी पाहिलं आहे. काळजीचं कारण नाही. महिनाअखेरीला घरी येतील.

तुझी,
धाकटी


१९ सप्टेंबर

ताई,

“थोडंसं म्हणजे किती? तू तर मापाशिवाय बोलत नाहीस.” एवढंच तुझं पत्र. बरोबर पकडलंस.

हेल्मेट तडकलं होतं. ते माझ्या कपाटात आहे. वर आणलं तेव्हा भाऊजी चालत होते, बोलत होते, पण आपण सकाळच्या शिफ्टला आलो की दुपारच्या, हे त्यांना सांगता येईना. कंपनीच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. विचारलं, “गरगरतंय?” भाऊजी म्हणाले, “पाळण्यात बसलोय का डॉक्टर, गरगरायला?” डॉक्टर हसले आणि हलकं काम लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोलीवरून निघेनात. मॅनेजर मला म्हणाले, “तुझे भाऊजीच ना ते? तूच जा जीप घेऊन. तुझं ऐकतील.” मी गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, “डोकं फुटतंय गं. आज नको.” मी म्हटलं, “भाऊजी, नुसतं बसायचं आहे. आज नाही आलात तर तुमच्या टोळीमुळे बोर्ड शून्यावर जाईल.” त्यांच्या टोळीच्या नावावर आजवर एकही दुखापत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते उठले. त्यांना खाली वाकता येईना, म्हणून बुटांच्या नाड्या मी बांधल्या.

हे मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

आता मला जे कळत नाही ते सांगते. ते थट्टा करतात की विसरतात, हे मला ओळखता येत नाही. परवा मान वर करून मला म्हणाले, “तुझी ताई बाजारातून अजून आली नाही?” मी दचकले. मग म्हणाले, “फसलीस की नाही!” पण हे लगेच म्हणाले नाहीत. माझा चेहरा पाहून, थोडं थांबून म्हणाले. गंमत करायचं आधी ठरवलं होतं, की माझा चेहरा पाहून सुचलं? दुसऱ्या कुणा माणसाच्या बाबतीत हे मी क्षणात सांगितलं असतं. भाऊजींनी लग्नात मला माझ्याच चपला विकल्या होत्या. त्यांच्या कुठल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा, हे मला चांगले दिवस असतानाही कळलेलं नाही.

आज दुपारी नकाशे काढणारा आमचा ड्राफ्ट्समन त्यांना म्हणाला, “मुकादम, आमचंही छत जरा बघा की. कधी डोक्यावर येईल नेम नाही.” भाऊजी खूष. वरची खिडकी उघडायची लांब काठी घेतली आणि लागले ठोकायला. कोपऱ्यात ठोकलं, “घट्ट.” पंख्याजवळ ठोकलं, “घट्ट.” दाराजवळ ठोकलं, “हे बद्द आहे. इथे हिशेबनीस बसवा.” शेजारच्या खोल्यांतून माणसं बघायला आली. हिशेबनीस स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसत होता. मग भाऊजी पुन्हा कोपऱ्याकडे गेले. “घट्ट.” पुन्हा पंखा. पुन्हा कोपरा. लोकांना वाटलं, आता ते मुद्दाम लांबवतायत. चौथ्यांदा कोपऱ्यात काठी लावली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “हे झालं का गं?”

मी म्हटलं, “झालं.”

त्यांनी मान हलवली आणि तिथेच पुन्हा ठोकलं. मागे हसणं चालूच होतं.

ताई, मुकादमाला एवढंच लक्षात ठेवायचं असतं. कुठे ठोकलं आणि कुठे राहिलं. त्याच्या मागे सगळी टोळी रांगत येते.

आणि त्यांना येत्या सोमवारी परत खाली पाठवतायत. तिमाही संपायला थोडे दिवस राहिले, खनिजाचा दगड कमी पडतोय, मुकादमावाचून टोळी अर्धाच माल वर पाठवते आहे. मी मॅनेजरांकडे गेले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, “अगं, तो पहिल्यापासून नाटक्या आहे. इथल्या प्रत्येकाला त्याने एकदा तरी बनवलंय.”

“सर, त्यांना आठवत नाहीये.”

“डॉक्टर फिट लिहून देतोय. तू डॉक्टर आहेस?”

“नाही.”

“तू मेहुणी आहेस. जीव खालीवर होणारच, साहजिक आहे.” मग समोरचे कागद सारखे करत म्हणाले, “आणि आता ती दुखापत काम बुडालेल्यांत टाकायची, तर पहिल्या सकाळी जीप घेऊन कोण गेलं होतं, तेही लिहावं लागेल.”

यात खोटं काहीच नाही. मी मेहुणी आहे. जीप घेऊन मी गेले होते. अहवालाचा मसुदा माझ्यासमोर आहे: उत्पादन मागच्या तिमाहीपेक्षा वर, काम बुडालेली दुखापत एकही नाही, ‘आजवरची सर्वांत सुरक्षित तिमाही’. वाक्य माझंच आहे. नियमाप्रमाणे त्यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे. मी तो पुन्हा पुन्हा तपासते, बरोबरच येतो, आणि तरी काहीतरी चुकलेलं आहे. ते कुठल्या ओळीत आहे, हे मला दाखवता येत नाही.

मी जे पाहिलं ते पाहिलं, की तुझा नवरा म्हणून मला तसं दिसलं? काय करू ते तू मला सांगू नकोस. किंवा सांग. पण हे पत्र पोचेपर्यंत सोमवार उलटून गेलेला असेल.

धाकटी


२६ सप्टेंबर

ताई,

फोनवर मी तुला “हॉस्पिटलात आहेत, तू ये” एवढंच सांगितलं. बाकीचं तुझ्यासमोर बसून बोलायला मला जमणार नाही. म्हणून हे पत्र वॉर्डच्या सिस्टरकडे ठेवते आहे. आधी त्यांना भेट, मग वाच.

शनिवारी मी ती दुखापत काम बुडालेल्यांत टाकली. मॅनेजरांकडे न देता सरळ मुख्य कचेरीला पाठवली. खुर्ची, पोस्टरं, छत ठोकणं, सगळं लिहिलं. जीप लिहिली. बुटांच्या नाड्यासुद्धा लिहिल्या, त्या लिहायची खरं तर गरज नव्हती. अशी नोंद झाली की बाहेरच्या हॉस्पिटलात तपासल्याशिवाय माणसाला खाली सोडता येत नाही. त्यामुळे सोमवारी सकाळी, टोळी लिफ्टसाठी रांगेत उभी असताना, भाऊजींना रांगेतून बाहेर काढलं. मी तिथेच उभी होते.

ते सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले. “सख्खी मेहुणी! परक्यानं केलं नसतं असं! एवढ्या वर्षांत माझ्या माणसांना ओरखडा येऊ दिला नाही, आणि हिनं एका कागदात मला निकालात काढलं!” या वेळी कुणी हसलं नाही. टोळीतलं कुणी माझ्याकडे बघेना. लिफ्टचं दार लागता लागता त्यांचा ड्रिलवाला फक्त एवढंच म्हणाला, “मॅडम, आम्हाला दिसत होतं. पण मुकादमाला सांगायचं कुणी?”

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साचत होतं. अगदी सावकाश, त्या दिवसापासून. काल छोटं ऑपरेशन करून ते काढलं. इथले डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर ते खालीच कोसळले असते. आठवण बहुतेक परत येईल, असंही म्हणाले. बहुतेक म्हणजे कितपत, असं मी विचारलं. त्यांना सांगता आलं नाही.

फाटकाजवळचा बोर्ड शून्यावरून पुन्हा मोजायला लागला आहे. मला चौकशी पुरी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. चौकशी माझीही आहे, आणि ती व्हायलाच हवी. मी रोज इथे येऊन बसते आणि एकच गोष्ट घोळवते: भाऊजींच्या जागी दुसरा कुणी मुकादम असता, तर मी लिहिलं असतं का? उत्तर येत नाही. दोन्ही बाजूंनी मांडून पाहते, तरी येत नाही.

आता तू येण्याआधी एक सांगायचं आहे.

ते जागे झाले की मला विचारतात, “अगं साहेबीण, तू कधी आलीस? टोळी खाली गेली का?” मी सांगते, गेली. मग डोक्याची पट्टी चाचपतात. “मला इथे कशाला आणलं?” मी सांगते. “म्हणजे बोर्ड?” शून्यावर आला, म्हणते. “लिहिलं कुणी?”

मी म्हणते, “मी लिहिलं, भाऊजी.”

मग ते मान फिरवतात. कधी बोलतात, कधी बोलत नाहीत. बोलतात तेव्हा जे बोलतात ते इथे लिहीत नाही. थोड्या वेळाने डोळा लागतो, आणि उठले की पुन्हा माझ्याकडे बघून हसतात. “अगं साहेबीण, तू कधी आलीस?”

मघाशी सिस्टर मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, “अहो, दर वेळी कशाला शिव्या खाता? ऑफिसातल्या कुणीतरी लिहिलं म्हणा. त्यांना कुठे लक्षात राहणार आहे?” मला तेही सुचलं होतं. पहिल्याच दिवशी.

तुलाही ते विचारतील. माझंच नाव सांग. तू माझी बाजू घेऊ नकोस, त्यांना समजवायला जाऊ नकोस, नुसतं नाव सांग. आणि एखाद्या सकाळी तू काही सांगायच्या आधीच ते माझ्यावर चिडलेले असले, मी दारात दिसताच त्यांनी मान फिरवली, तर मला तेव्हाच्या तेव्हा कळव. कितीही वाजले असले तरी.

त्या रागाची वाट बघणारी,
तुझी धाकटी