डोंगरदेवाची भाकरी

कापडे, वैशाख

अक्का, धाकट्या चिंतामणीचा नमस्कार घे.

इथला पत्ता कळवल्यावर आज लिहू, उद्या लिहू करत महिना घालवला. मधे ताप आला होता. आता उतरलाय, पण आईला सांगू नकोस. ती लगेच उपास धरेल.

ताप औषधानं उतरला. पण ज्या गोमाजींकडे राहतो, त्यांच्या तुळसावहिनींनी डोंगरदेवाला भाकरी बोलून ठेवलेली, आणि ती मीच नेऊन ठेवायची म्हणे. म्हणून काल त्यांच्या खंड्या कुत्र्याला घेऊन माथ्यावर गेलो.

महाडचे वकील ज्या देखाव्यावर कविता करतात, तो पाहिला. डोंगरामागं डोंगर, त्याच्यामागं आणखी डोंगर, आणि खाली वाळत टाकलेल्या धोतरासारखी सावित्री. एवढ्यासाठी ही मंडळी पाहुण्यांना धापा टाकत वर नेतात. त्यापेक्षा मी करवंदांच्या जाळीत शिरलो. तेवढ्यात खंड्यानं देवापुढची भाकरी फस्त केली.

वहिनींना सांगितलं, तर म्हणाल्या, "खाऊ दे. त्याच्या तोंडानं पोचली देवाला." असल्या देवाला माझा ताप काय कळणार?

बाळाचा खोकला गेला का? आई गुडघ्यांना तेल लावते का? मी दोन्ही वेळा पोटभर जेवतो, एवढंच तिला वाचून दाखव.

थांब, अंगणात कुणीतरी माझं नाव विचारतंय.

अक्का, आई आलीय. वाई सोडून कधी कुठं न गेलेली बाई, महिनाभर पत्र नाही म्हणून एकटी मोटारनं घाट उतरून आलीय. आणि वहिनी तिला पाणी देता देता सांगतायत, "काय भेव नाय, ताप उतरला हाय त्यांचा."

चिंतामणी