धनेशाच्या चोचीतलं लाल फळ

१२ मार्च, संध्याकाळ

आबांच्या बागेतल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी उबवायला स्वतःला आत लिंपून घेऊन, चोचीपुरती फट ठेवून बसलीय. नर भरवील तेवढंच तिचं खाणं. आज पाहुण्यांना दाखवायला नेलं, तर नर चोचीत लाल फळ धरून समोरच्या फांदीवर तासभर बसून राहिला. ढोलीकडे आलाच नाही. मी म्हटलं, नवी माणसं बघून बुजला.

निघताना आबा हसले. "तू नसलंस काय धा येळा येता रे तो."

म्हणजे मलाच बुजतो? वीस वर्षं ही ढोली राखली, झाड तोडू दिलं नाही. रोज जाऊन बघतो. रोज! किती वेळा असंच फळ चोचीत राहिलं असेल?

उद्या जायचं नाही. पण ती उपाशी तर नाही ना, हे कळणार कसं?

हे लिहितानाही दुर्बीण गळ्यातच आहे.