एक्केचाळीस नंबरचा कागद

सान होसे,
शुक्रवार, ७ ऑक्टोबर २०२२

प्रिय हानियाताई,

तुझं पत्र आणि चीजचं पुडकं दोन्ही कार्तागोच्या बसने सुखरूप पोचलं. पुडकं हातात देताना ड्रायव्हर म्हणाला, "बहिणीला काय वाटतं, राजधानीत गाई नसतात?" मी म्हटलं, "गाई असतात हो, बहीण नसते." तुझा गुडघा कसा आहे? चर्चच्या पायऱ्या चढू नकोस, खालूनही प्रार्थना पोचते.

मूल घरी आणण्यासाठी तू पुन्हा अर्ज करते आहेस हे वाचून मी पत्र दोनदा खाली ठेवलं आणि दोनदा उचललं. बालकल्याण कार्यालयाला थोरल्या मुलांसाठी घरं हवी आहेत आणि तुझी मागची खोली रिकामी आहे, हे सगळं खरं. शेवटी तू विचारलंस, "केलिनला त्यांनी माझ्याकडून का नेलं, तुला कधी काही कळलं का? माझ्यात काय कमी होतं ते कळलं तर या वेळी सुधारेन." त्याचं उत्तर लिहायलाच बसले आहे. फोनवर जमत नाही, तू मध्येच "जेवलीस का?" विचारतेस.

आधी इकडचं सांगते. आमच्या मानसशास्त्राच्या संस्थेत सध्या नुसती उलथापालथ चालली आहे. इतकी वर्षं आम्ही माणसाच्या स्वभावातल्या बिघाडाला नाव द्यायचो आणि त्या नावाच्या खोक्यात त्याला बसवायचो. आता नवं वर्गीकरण आलंय. खोकी मोडा, पट्टी लावा, बिघाड हलका की भारी ते मोजा. आमचे रोनाल्दसाहेब म्हणाले, "योर्लेनी, वीस वर्षं लोकांना कपाटात घातलं, आता त्यांची उंची मोजायची." मी विचारलं, "आणि जे कपाटातच राहिले त्यांचं?" ते म्हणाले, "कुलूप थोडंच लावलं होतं?" सगळे हसले, मीही हसले.

माझ्या वाट्याला जुन्या प्रश्नावल्या नव्या पट्टीने तपासायचं काम आलं आहे. त्यात माझ्या पदवीच्या वेळच्या साठही आहेत, तू व्हरांड्यात माणसं जमवून भरून घेतल्या होत्यास त्या. एकशेवीस प्रश्न, हो किंवा नाही. तू मक्याची धिरडी करत होतीस आणि बेतोकाका दर प्रश्नाला एक धिरडं मागत होते.

हे नमनाला घडाभर तेल झालं, मला कळतंय. बाकी उद्या लिहिते.

रविवार, ९ ऑक्टोबर

काल लिहिलं नाही. खिडक्या धुतल्या, कपाट आवरलं, शेजारणीचा कुत्रा फिरवून आणला. तिने विचारलं, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "हो." बघ, आपल्या खोऱ्यातल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार.

त्या कागदांबद्दल सांगते. एखादा माणूस खरं उत्तर देतोय की नुसता हो-हो करतोय, हे पकडायला आम्ही उलटसुलट प्रश्न घालतो. एका ठिकाणी "मला एकटं राहायला आवडतं", आणि चाळीस प्रश्नांनंतर "मला सतत माणसं लागतात". दोन्हीला हो आलं तर समजायचं की उत्तर देणाऱ्याचं प्रश्नाकडे लक्ष नाही, विचारणाऱ्याकडे आहे. आपल्या साठांपैकी कितीतरी कागद तसेच निघाले. बेतोकाकांनी तर "मला वारंवार मरावंसं वाटतं" यालाही हो म्हटलंय, धिरडं खाता खाता. तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "काका, खरंच?" ते म्हणाले, "पोरी, एवढी उन्हाची चढून आलीस, तुला नाही कसं म्हणू?"

भीड भिकेची बहीण म्हणतात. आपल्या खोऱ्यात ती घरटी एक आहे. जेवायला बोलावलं की सगळे "येतो हं" म्हणतात, आणि न येणाऱ्यांचं पान कुणी मांडत नाही. मी त्याच मातीतली, मला हे कळायला कुठलं पुस्तक नको होतं. पण हातात परदेशी छापाचा कागद आला आणि लोकांचा प्रत्येक हो मी खरा धरला.

एक्केचाळीस नंबरचा कागद तुझा आहे. नावं लिहायची नव्हती, पण कॉफीच्या कपाचा गोल डाग आहे आणि तुझी ती तिरकी बरोबरची खूण. एकशेवीसपैकी एकशे बारा हो. "मी आयुष्यात कधीच खोटं बोलले नाही": हो. "मी कधीकधी खोटं बोलते": हो. "माझा राग मला आवरत नाही": हो. ताई, तुझा राग मी एकदाच पाहिला आहे, आणि तोसुद्धा कोंबडीवर.

त्या एकशे बाराची बेरीज तेव्हाच्या पट्टीवर फार वर गेली होती, टोकाच्या अस्थिर स्वभावाच्या खोक्यात. मी घाबरले होते. तुला काही बोलले नाही.

आज इथेच थांबते.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

आता सरळ लिहिते.

केलिन तुझ्याकडे आठ महिने होती. कायमची द्यायच्या आधी कार्यालयाची बाई चौकशीला आली, ती तुझ्या घरून निघून मला शहरात भेटली. म्हणाली, "तुम्ही या विषयातल्या, बहिणीबद्दल तुमचं काय मत?" मला किती मोठं वाटलं म्हणून सांगू. मी म्हटलं, "माझं मत कशाला, तिची चाचणी झालेली आहे." आणि मी तिला एक्केचाळीसची नक्कल काढून दिली. तुला न विचारता. मला वाटलं, मी प्रामाणिकपणा करते आहे. पंधरा दिवसांनी ते केलिनला घेऊन गेले आणि तू मला फोनवर म्हणालीस, "घर लहान आहे ना, म्हणून असेल." मी म्हटलं, "हो, म्हणूनच असेल."

घर लहान नव्हतं. तुझ्यात काही कमी नव्हतं. काही सुधारायचं नाही.

अजून एक राहिलं आहे आणि तेच मला झोपू देत नाही. उलटसुलट उत्तरं मला परवा दिसली असं नाही. ती मला तेव्हाच दिसली होती. कॉलेजात प्रबंध बघणाऱ्या आमच्या प्राध्यापिकेने सांगितलं होतं, असे कागद बाजूला काढा. पण प्रबंधाला साठ हवे होते, तुझा काढला तर एकोणसाठ उरत होते, आणि इतरांचे काढत गेले असते तर तीससुद्धा उरले नसते. सादर करायला चार दिवस होते. मी सगळे ठेवले. कार्यालयाची बाई मला भेटली त्या दिवशी तो कागद खोटा आहे हे मला ठाऊक होतं, फक्त इतकी वर्षं ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तो कागद अजून तिथल्या फाइलमध्ये असणार. आपल्याकडे अंजिराचं झाड तोडून तीस वर्षं झाली तरी पत्ता "अंजिराच्या झाडापासून दोनशे मीटर" असाच सांगतात. फाइलचंही तसंच असतं. म्हणून काल कार्यालयाला सहीनिशी लिहून दिलं: चाचणी चुकीची, तपासणारी मी, हे ठाऊक असून दिली, आणि जिची होती तिला विचारलं नव्हतं. नक्कल सोबत जोडली आहे. तुझ्या नव्या अर्जाबरोबर लावायला सांग.

साहेबांना आधी दाखवलं. त्यांनी ते वाचलं. मग म्हणाले, "नुसतं 'चाचणी कालबाह्य' लिहिलंस तरी भागेल. 'ठाऊक असून' कशाला? नोकरीवर पाणी सोडायचंय का?" मी म्हटलं, "कालबाह्य लिहिलं तर बहिणीला वाटेल चूक पट्टीची होती." सोमवारी संस्थेत माझी चौकशी आहे. नोकरी जाईल बहुतेक. त्याचं मला इतकं वाईट वाटत नाही, जितकं केलिनचं वाटतं. नेलं तेव्हा चार वर्षांची होती, आता तेरा वर्षांची झाली असेल. तिला तू आठवत असशील की नाही, हे मोजायला माझ्याकडे काही नाही.

ताई, मला एवढंच विचारायचं आहे. मी रविवारी येऊ का?

त्या दिवशी तू एकशे बारा वेळा हो म्हणालीस, कारण धाकट्या बहिणीचं काम व्हायला हवं होतं. या वेळी माझं काही व्हायला नको आहे. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. नाही असेल तर एका ओळीत नाही लिही आणि कार्तागोच्या बसने पाठव. चीज पाठवू नकोस सोबत.

ते 'नाही' मी नाहीच धरीन.

तुझी,
योर्लेनी