घर फिरते की अंधारी येते

सेलू, जि. वर्धा
दि. १४ नोव्हेंबर २०२४

चि. तानबा यास तुझ्या बाईचा, मोठ्या बहिणीचा आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. चार वर्षांनी लिहिते आहे, तरी शेवटपर्यंत वाच. तुझी रुखमा बरी असेल. इकडे वांगी भरपूर निघाली. अंगणवाडीत नवा वजनकाटा आला, पण मी येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार, तो दुसरीच कुणी वापरेल.

मध्यंतरी मी आजारी होते. दिवाळीच्या आधी एका सकाळी कूस बदलली आणि छत गरगर फिरायला लागलं. उठले तर उलटी. फळीवरचा डबा काढायला मान वर केली की पुन्हा तेच. गावातल्या डॉक्टरनं कमजोरी म्हणून सलाईन लावलं. फरक नाही. शेवटी माझा निकेश मला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथली डॉक्टरीण माझ्या प्रेरणाच्या वयाची, पण कामाची पक्की. गोळी लिहायच्या आधी विचारत बसली.

"चक्कर म्हणजे नेमकं काय होते, काकू? घर फिरते, की डोळ्यापुढे अंधारी येते?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. "घर फिरते," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"साठ मोजेपर्यंत थांबते."

तिनं झोपवून बीपी घेतलं, उभं करून घेतलं. नाकाला बोट, मग तिच्या बोटाला बोट लावायला सांगितलं. एका रेषेत चालवलं. मग टेबलावर बसवून मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या काठाखाली. छत फिरलं, मी तिचा हात घट्ट पकडला. "डोळे मिटू नका काकू, मले तेच पाहाचं आहे." बुबुळं कशी हलतात त्यावरून कळतं, बिघाड कोणत्या कानात आहे. आतले बारीक खडे जागचे सुटून भलत्या नळीत शिरले होते. तिनं माझं डोकं थांबत थांबत या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं आणि उठवून बसवलं. आठवड्यानं पुन्हा एकदा केलं. आता मी ठणठणीत आहे.

पण पहिल्या दिवशी बाहेर आले तेव्हा पाय लटपटत होते. फाटकाशी एक बाई दुसरीला म्हणाली, "पाह्य व, या वयात पिऊन आहे." मी तिथंच पायरीवर बसले. निकेशला वाटलं, पुन्हा चक्कर आली.

तानबा, प्रेरणाच्या लग्नात तू मांडवाचा खांब धरून उभा होतास. उलटी झाली होती. म्हणालास, "बाई, जमीन फिरून राह्यली. मले धर." मी धरलं नाही. सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "पिऊन आला हा, याले बाहेर काढा." तेच हिंगणघाटला तुझ्या कापसाच्या जिनात पोचलं आणि तुझं काम गेलं.

मला तसं वाटलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगितलं. तसं वाटलं नव्हतं. मी तुझ्या तोंडाजवळ होते, दारूचा वास नव्हता. मला वाटलं तुला मिरगीची फिट आली. मुलीच्या घरात मिरगी आहे हे कळलं तर लग्न मोडेल, या भीतीनं मी तुला दारुडा केलं.

परवा हे सगळं प्रेरणाच्या सासूला जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "माह्या सासऱ्यालेच मिरगी होती. गोळ्या खाऊन शेती करत होते. आमी काऊन लग्न मोडलं असतं?" सोमवारी मी जिनात जाणार आहे. मुकादमाला माझ्या तोंडानं सांगेन.

प्रेरणा म्हणते, मामा अजून भिंतीला हात लावून चालतो. मी डॉक्टरणीला सांगितलं. ती म्हणाली, "पाह्यल्याशिवाय काई सांगता येत नाई. तोल जायची कारणं बरीच असतात. कानाचं असलं तर व्यायामानं पुष्कळ लोक सुधारतात. त्यायले घेऊन या." येत्या गुरुवारी, २१ तारखेला, तुला दाखवायचं ठरवलं आहे. गाडी चालवू नको, रुखमाला घेऊन बसनं ये. मी नऊपासून वर्ध्याच्या स्टँडवर असेन. तू आला नाहीस तर दुपारच्या बसनं मीच तुझ्या दारात येईन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नको, पण तपासून घे.

माफी मी कागदावर मागणार नाही. ती चार लोकांत, तुझ्यासमोर उभी राहून मागेन.

सगळं माहीत असून खोटं बोललेली,
तुझी मोठी बहीण
धुरपता