मठ्ठोबा, बरगड्या आणि माझा धीर

२ जून, मंगळवार

आजपासून मी शांत बाई. ठरलं.

कारण लेक. तिची बाळंतपणाची रजा महिनाअखेर संपतेय. बाळाला दिवसभर कुणाकडे ठेवायचं, हा म्हणे प्रश्न आहे. मी म्हटलं, प्रश्न कसला? आजी बसलीय ना इथे टुणटुणीत! तर म्हणते, आई, राग मानू नकोस, पण तुला धीर नाही. मला? धीर नाही? तिचं वाक्य संपायच्या आत मी सांगितलं की आहे.

म्हणे मी बाळाची ढेकर काढते तेव्हा उशी झटकल्यासारखं वाटतं. आणि झोपवायला घेतलं की त्याच्या कानाशी विचारते, झोपलास का रे? आता विचारल्याशिवाय कळणार कसं?

नाहीतर सासूबाई आहेतच, म्हणाली. विहीणबाई! ती बाई एक कप चहा संपवते तोवर दुसऱ्याची वेळ होते. बाळ मोठं होऊन कामाला लागेल तिच्याकडे. पाठवायचंच नाही.

तर करून दाखवते. माझ्या वाढदिवसाला जावईबापूंनी स्लो कुकर दिला होता. कपाटावर पडून आहे. शिट्टी नाही, उकळी नाही, सकाळी घाला, संध्याकाळी खा. मी त्याला मठ्ठोबा नाव ठेवलंय. जावईबापूंना बार्बेक्यू रिब्ज फार आवडतात. डुकराच्या बरगड्या, पण लुसलुशीत. बोट लावलं की हाड सुटलं पाहिजे. एकवीस तारखेला जेवायला बोलावलंय. मठ्ठोबात केलेल्या रिब्ज खाल्ल्यावर माझ्या धीराबद्दल कोण तोंड उघडतं ते बघते.

लाँड्रीत सुपरवायझरला सांगूनही टाकलं. महिनाअखेर मी नोकरी सोडतेय, बाळ सांभाळायला. उगाच उशीर कशाला?

३ जून, बुधवार

माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे मठ्ठोबाचं इंग्रजी पुस्तक यांनी वाचून दाखवलं. आमचे हे आयुष्यभर वॉचमन होते, आता गुडघ्यामुळे घरी. वाचतातही पहारा दिल्यासारखं. एका ओळीवर उभे राहतात, हलत नाहीत. शेवटी मीच म्हटलं, पुढे काय?

झाकण उघडायचं नाही, म्हणे. एकदा उघडलं की वाफ जाते आणि अर्धा तास जास्त लागतो. हे नवशिक्यांसाठी लिहिलेलं असतं.

खाटकाकडे गेले. तो म्हणाला, ताई, बरगड्यांच्या मागे पांढरी पातळ कातडी असते, ती ओढून काढा, नाहीतर चिवट होतं. म्हटलं, तू दे बांधून, मागे रांग आहे. मागे कुणी नव्हतं. पण असतं तर?

७ जून, रविवार

सकाळी ९. तिखट, मीठ, साखर, लसूण, मिरेपूड. दणादण चोळलं. मठ्ठोबा लावला. काय सोपं आहे! लोक उगाच बाऊ करतात.

९.१०. काहीच होत नाहीये. आवाज नाही, वास नाही. उघडून बघितलं. बरगड्या जशा ठेवल्या तशा पडल्यात, सुट्टीवर आल्यासारख्या.

९.३०. उघडलं नाही. नुसतं उचललं. यात फरक आहे.

१०. मसाल्याची चव घेतली. त्याला उघडणं म्हणत नाहीत.

१२. हे म्हणाले, अगं, शिजू दे की. मी म्हटलं, मी अडवलंय का?

रात्री. जेवलो. म्हणजे चावलो. यांनी बातम्या सुरू होताना एक तुकडा तोंडात घातला, बातम्या संपल्या तरी तो आपला तिथेच. चांगलं आहे, म्हणाले. एवढं बोलायला तुकडा गालात सरकवावा लागला.

कारण सापडलं. डुक्कर म्हातारं होतं.

८ जून, सोमवार

खाटकाला झापलं. तो विचारतो, ताई, झाकण कितीदा उघडलंत? एकदाच, म्हटलं. खोटं नाही. दर वेळी एकदाच.

१४ जून, रविवार

नवी पद्धत. माझी स्वतःची. मठ्ठोबाला दोन बटणं आहेत, मंद आणि जास्त. जास्त असताना मंद कोण लावतं? शिवाय भरपूर पाणी ओतलं. पुस्तकात अगदी जरासं लिहिलंय, पण मी इतकी वर्षं लाँड्रीत काढली, पाण्याशिवाय काही नरम होत नाही हे मला शिकवू नका.

झाकण उघडायचं नाही असा पण केला. पण झाकण काचेचं, वाफेने आंधळं झालं. मग ते पुसायला काढावंच लागलं. आतून.

दुपारी. नरम झालंय! उड्या मारल्या! मग खाल्लं. धुतलेल्या मोज्याची चव. सगळा मसाला पाण्यात, आणि मागची पांढरी कातडी रबरासारखी दातात. पण नरम आहे हे खरं. उरला फक्त सॉस. वरून सॉस लावून, तव्यावर पसरून ओव्हनच्या मंद ग्रिलखाली थोडा वेळ ठेवायचं असतं. मी ग्रिल फुल्ल केला. दुप्पट आच, निम्मा वेळ. साधा हिशोब आहे.

शेजारीण धावत आली, धूर कसला म्हणून. म्हटलं, बार्बेक्यू म्हणजे धूर आलाच, मुद्दाम केलाय. ती खोकत खोकत म्हणाली, मग जमलंय हो छान.

हे उठले. एकेक खिडकी उघडत गेले. मग तवा घेऊन काळं खरवडत बसले. किती वेळ! मी असते तर तवा फेकला असता. काहीच काम नसलं की माणूस असा रमतो.

१७ जून, बुधवार

लाँड्रीत चादर वाळवायच्या रोलरमधून निघायच्या आधीच ओढून घडी घातली. सुपरवायझर ओरडला, बाई, ओली आहे ती! म्हटलं, वाळेल घडीत. चढलेल्या आवाजातच म्हटलं, पण मनातून शांत होते.

लेकीचा फोन आला. कशी आहेस आई? म्हटलं, इतकी शांत झालेय की मलाच ओळखू येत नाही, बोल लवकर. मग म्हणाली, बाबा काय करतायत? बसलेत, म्हटलं. नेहमीसारखे.

२१ जून, रविवार

पहाटे ५. आज!

युक्ती सापडली. धीर म्हणजे काय? लांब राहणं. आज घरात थांबायचंच नाही. अर्धी पाळी मागून घेतली. मठ्ठोबा मंदवर लावला. हे म्हणाले, तू जा, मी आहे. तुम्ही असून काय उपयोग, म्हटलं, झाकणाला हात लावायचा नाही, एवढंच करा.

काल संध्याकाळी हे कच्च्या बरगड्या समोर घेऊन कोरड्या फडक्याने काहीतरी पांढरं पांढरं सोलत बसले होते. म्हटलं, खेळा.

८. लाँड्रीतून फोन केला. झाकण कसं आहे? आहे, म्हणाले. आत काय दिसतंय? झाकण दिसतंय.

८.१५. फोन उचलत नाहीयेत. काय माणूस आहे!

१०. घरी धावत जाऊन आले, डबा राहिला म्हणून. अर्ध्या पाळीला मी डबा नेत नाही, पण खात्री केलेली बरी. टेबलावरच्या कापडाला सुरकुत्या दिसल्या. स्वैपाकघरात प्लग एकच, म्हणून मठ्ठोबाचा काढून इस्त्री लावली, सर्रकन फिरवली. झाकणाकडे बघितलंसुद्धा नाही! माझं मलाच कौतुक वाटलं. प्लग परत लावला की नाही ते नीट आठवत नाही. लावला असणारच. मी अशी विसरत नाही.

रात्री. काय सांगू! मठ्ठोबा गरमागरम होता, म्हणजे बघा, प्लग लावलाच होता मी. सॉस लावून ग्रिलखाली ठेवायला गेले तर हे आधीच हलक्या हाताने एक थर लावून, भाजून, दुसरा लावत होते. म्हटलं, सरका, आता महत्त्वाचं काम आहे, आणि ताटं घेतली.

जावईबापूंनी हाड ओढलं आणि ते असं सुळ्ळकन निघालं, जसं काही मांसाशी त्याची कधी ओळखच नव्हती! दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. गालाला सॉस, बोटांना सॉस. म्हणाले, आई, कसं काय जमवलंत? मी म्हटलं, विशेष काही नाही, धीर. यांना ठसका लागला.

बाळ सगळा वेळ यांच्या खांद्यावर झोपलेलं. हे एका हाताने जेवत होते, जेवणही हळूच, बरगडी उठू नये अशा बेताने. मी म्हटलं, द्या इकडे, आणि घेतलं. किंचाळलं. उकाडा फार होता.

मग लेक यांना गॅलरीत घेऊन गेली. बराच वेळ बोलत होती. मी दोनदाच डोकावले. परत आली आणि म्हणाली, आई, ठरलं. बाळ दिवसभर इथेच.

मी उडी मारली! टेबल हललं, ग्लास पडला, बाळ उठलं. जिंकले! विहीणबाईंना आत्ता फोन लावते म्हटलं, फोन शोधायला लागले.

लेक म्हणाली, आई, पूर्ण ऐक. बाबा सांभाळणार आहेत. तू नोकरी सोडू नकोस.

म्हटलं, पण रिब्ज मी केल्या! ती हसली. माझ्या गालाचा पापा घेतला. आई, मला सगळं माहीत आहे गं, म्हणाली. कुणी सांगितलं असेल? हे तर बोलत नाहीत. ती धूरवाली शेजारीणच असणार.

असू दे. मी बसवलंय म्हणूनच बसतात ना हे इतके छान.

२२ जून, सोमवार

सुपरवायझरला म्हटलं, नोकरी सोडत नाही. तो म्हणाला, तुमचं नाव मी यादीतून काढलंच नव्हतं, बाई, म्हटलं थोडं थांबू. हल्ली सगळ्यांनाच थांबायचं वेड लागलंय.

२९ जून, सोमवार

बाळाचा आमच्याकडे पहिला दिवस. लाँड्रीतून जवळजवळ पळतच आले. बाळ झोपलेलं, हे शेजारी खुर्चीत. ओठांवर बोट ठेवलं. उठेपर्यंत थांब, अशी खूण केली. थांबले. माझ्याइतकं कुणी थांबलं नसेल. शेवटी बाळालाच कंटाळा येईल म्हणून जराशी खाकरले. उठलं.

तेवढ्यात लेकीचा फोन. रडतंय का गं? म्हटलं, आत्ताच उठलंय आपलं आपण. मी किती वेळ बसलेय त्याची वाट बघत, पाय आखडले.

हे बाळाला थोपटत होते. मान वर न करता म्हणाले, अगं, आधी चप्पल तरी काढ.