टाउन्सव्हिलच्या किनाऱ्यावरची माणसं

३ मार्च १९७९, शनिवार
दोह्यात पोचलो एकदाचा! अल मुंतझा भागात खोली मिळाली. जोडीला वसईचा रॉबर्ट, आमच्याच ऑफिसातला टायपिस्ट. आल्याआल्या त्यानं बोंबलाचं कालवण खाऊ घातलं. मी ड्राफ्ट्समन, साहेब ऑस्ट्रेलियाचे. त्यांच्या टाउन्सव्हिल शहराचा मोठा नकाशा काढायचाय; इथला किनारा कसा बांधता येईल, ते लोकांना दाखवायला. खिडकीत समुद्र असताना परक्याचा समुद्र काढायचा, म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा! नकाशा झाला की रजा कबूल आहे. सत्यभामेला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण, पोचायलाच हवं.

६ मार्च
शहर देखणं आहे. मधोमध गुलाबी खडकाचा कॅसल हिल, पायथ्याशी घरं, खाडीच्या तोंडाशी साखर आणि तांबं नेणारं बंदर. समोर मॅग्नेटिक बेट. तिथं आपलं होकायंत्र बिघडलं असं कुणा दर्यावर्द्याला वाटलं, म्हणून हे नाव. आजूबाजूला खारफुटी.

किनाऱ्यावर नखाएवढा माणूस दिसला, कुबडी घेतलेला. मी काढला नव्हता. ट्रेसिंगच्या कागदावर नको ते उमटलं की ब्लेडनं खरवडायचं, ही हाताची सवय. खरवडलं.

७ मार्च
ऑफिसच्या दारावर जहूर नाही. कुबडीवर रेलून रोज सलाम करणारा पहारेकरी. रॉबर्टला विचारलं, तर कोण जहूर म्हणाला. दारावर पहारेकरी कधी नव्हताच म्हणे. प्रिंट काढणारा शफीकही तेच म्हणाला. मला वाटलं, नवा गडी बघून थट्टा करतायत. मला तर जहूर चांगला आठवतो. फक्त त्याला दाढी होती का?

८ मार्च, सकाळी
कालच्या पानावर जहूर असं नाव आहे. अक्षर माझंच. माणूस आठवत नाही.

आणि बंदराजवळ बाई उमटलीय. पोट पुढे, डाव्या हातानं कंबर धरलेली. सत्यभामाच! शीट कपाटात कोंडली. किल्ली माझ्या खिशात आहे. मला भीती वाटतेय.

८ मार्च, दुपारी
साहेबांकडे दुसरी किल्ली होती — त्यांना प्रिंट हवी होती — शफीक हसून म्हणाला, खलास, दाग साफ कर दिया —

परत काढतोय. पदर आला. पोट आलं. चेहरा —

रॉबर्ट म्हणतो, तुझं लग्न कुठं झालंय?

झालंय. तिचं नाव सत्यभामा. माहेर आष्टा. हसताना तोंडावर पदर धरते. आमटीत गूळ जास्त घालते. पोटात माझं मूल आहे — तिचं नाव सत्यभामा. माहेर... हसताना ती — तिचं नाव —